सत्ताविसावा डबा

भागाकार सोडला तर आनंदराव गुरुजी कशाचीच खात्री देत नसत. आभाळ गच्च भरून आलेलं असताना कोणी विचारलं, "गुरुजी, येते का पाणी?" तर ते चष्मा पुसत म्हणत, "सांगता येत नाही बाप्पा." जिल्हा तुटून गोंदिया वेगळा झाला, तेव्हा आपली मोहाडी भंडाऱ्यातच राहिली हे पेपरात वाचूनही त्यांनी तहसीलच्या बाबूला दोनदा विचारून घेतलं होतं. एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलेला माणूस, पण घरून निघताना कुलूप लावलं की नाही हे पाहायला अर्ध्या रस्त्यातून परत येणारा.

म्हणून टेकचंदने त्यांना पेटीचा प्रश्न घातला तेव्हा गुरुजींना मनातून बरं वाटलं. निदान हे आपल्या हातचं होतं.

टेकचंदचा आजा विणकर, बाप विणकर. टेकचंदने मात्र माग मोडून कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, कापडाचं दुकान टाकलं होतं. नागपूरच्या एका व्यापाऱ्याने त्याच्याकडे कोशाचे दुपट्टे मागितले होते, एकेक दुपट्टा कडक पुठ्ठ्याच्या डब्यात घालून. डबा बारा इंच लांब, सहा इंच रुंद, तीन इंच उंच. माल भरायला टेकचंदने जवाहरनगरकडच्या एका भंगारवाल्याकडून नऊ लाकडी पेट्या उचलल्या होत्या. पेटी आतून लांबी, रुंदी, उंची तिन्हीकडून बरोबर अठरा इंच.

"गुरुजी, अशा पेटीत असे डबे किती बसतीन?" दुकानासमोरच्या वाचनालयात येऊन त्याने विचारलं.

गुरुजींनी पेपरच्या कोऱ्या कडेवर आकडे मांडले. पेटीचं घनफळ पाच हजार आठशे बत्तीस, डब्याचं दोनशे सोळा. भाग सत्तावीस वेळा गेला.

"सत्तावीस. बाकी शून्य."

"पक्कं?"

"बाकी शून्य आहे टेकचंद. आणखी काय पक्कं राहते?"

टेकचंदने आठ पेट्यांचे दोनशे सोळा दुपट्टे धरले, तसं नागपूरला कळवलं, आणि प्रत्येक पेटीवर चिकटवायच्या चिठ्ठीवर 'नग २७' असं छापूनही आणलं. माल भरायचं काम शकुनबाईचं. नवरा गेल्यापासून सहा वर्षं ती टेकचंदकडे होती. डबे भरणं, पेटीला खिळे ठोकणं, चिठ्ठी लावणं, सगळं तिच्या एकटीच्या हातचं. पेट्या गेल्या.

दहा दिवसांनी, मंगळवारी, नागपूरहून फोन आला. आठही पेट्यांत सव्वीस-सव्वीसच डबे निघाले. आणि प्रत्येक पेटीच्या एका कोपऱ्यात पेपरचे बोळे कोंबलेले होते.

टेकचंदने गुरुजींना वाचनालयातून बोलावून नेलं. दुकानात त्याची बायको दुर्गाबाई गल्ल्यापाशी होती, विणकर समाजाचे अध्यक्ष भैय्यालालजी लोडाला टेकून बसले होते, आणि शकुनबाई उंबऱ्याच्या आत, पण बसली नव्हती.

"सांगा गुरुजी," टेकचंद म्हणाला, "पेटीत सत्तावीस बसते का नाही?"

गुरुजींनी उत्तर द्यायच्या आधीच शकुनबाई बोलली. "सेठ, मी त्याच दिवशी सांगतलं होतं, एक डबा नाही बसत म्हणून. तुमी फोनवर होते. हातानं हो-हो केलं."

"मले नाही याद."

"कोपरा रिकामा राहिला तं डबे आतल्या आत खडखड वाजत होते. म्हणून कागद भरला. उरलेले आठ डबे त्या कपाटात ठेवले."

"कपाटात आठ नाहीत."

"कपाटातला माल रोज गिऱ्हाइकाले जाते सेठ. मी काय त्याईवर नाव लिवून ठेवलं होतं?"

तेही खरं होतं. त्या कपाटातून दुर्गाबाई दिवसभर माल काढून विकत असे. त्यातले आठ डबे आता ओळखून काढणं म्हणजे पाण्यातून पाणी निवडण्यासारखं होतं. सगळं येऊन अडलं ते एका गोष्टीवर. पेटीत सत्ताविसावा डबा बसत नसेल, तर शकुनबाई खरी. बसत असेल, तर तिने आठ दुपट्टे नेले आणि त्या जागी रद्दी भरली.

नववी पेटी दुकानातच पडून होती. टेकचंदने ती मधोमध ओढली आणि रिकामे डबे तिच्यात भरायला घेतले. पहिल्यांदा पंचवीस बसले. सगळे काढून आडवे-उभे करून पुन्हा भरले, तर सव्वीस. एक कोपरा उरला, सहा इंचाचा चौकोनी खड्डा. सत्ताविसावा डबा टेकचंदने त्यात उभा घालून पाहिला, तिरपा घालून पाहिला. अर्धा डबा बाहेरच राहिला.

"पाहा," शकुनबाई म्हणाली.

"काय पाहा?" टेकचंदचा घाम डब्यावर पडला. "मले जमत नाही म्हणून बसत नाही का? त्या खड्ड्यात एका डब्याची जागा आहे, दिसून राहिली. गुरुजीची बाकी शून्य आहे. भरणाराले भरता येते. तू सहा वर्षापासून भरून राहिली."

सगळे गुरुजींकडे पाहू लागले. गुरुजींनी मनातल्या मनात भागाकार पुन्हा केला. तेच उत्तर. त्यांनी खड्ड्याचं घनफळ काढलं. दोनशे सोळा. एका डब्याचं जेवढं, तेवढंच.

"गणितानं तं बसाले पाहिजे," ते हळूच म्हणाले.

ते वाक्य बोलून होईस्तोवर शकुनबाईने त्यांच्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. गिऱ्हाईक कापड हातात घेऊन परत ठेवतं, तसं काहीसं.

भैय्यालालजी खाकरले. "येत्या रविवारी बैठक आहे. ये बाई, आन् धोट्यावर हात ठेवून सांग. मिटून जाईल."

विणकरांच्या बैठकीत वाद सुटला नाही की मागाचा धोटा मध्ये ठेवत. ज्या धोट्यातून बाण्याचं आडवं सूत धावतं आणि घराला भाकरी मिळते, त्यावर हात ठेवून कोणी खोटं बोलत नाही, असा समज.

"मी नाही ठेवत," शकुनबाई म्हणाली. "ज्याच्यावर चोरीचा आळ लागला त्यानं हात ठेवावा लागते. माझ्यावर लागला का? मंग आधी ते सांगा."

भैय्यालालजी टेकचंदकडे पाहू लागले. ती चपला घालून निघून गेली.

"पाहिलं?" टेकचंद म्हणाला. "खरी असती तं ठेवला असता हात. रविवारी नाही आली तं कामावरून बंद. आन् मंग गावात दुसरा कोण ठेवते तिले, तेही पाहतो."

गुरुजी घरी गेले ते तिच्या घरावरून. मुद्दाम नव्हे, पण गेले. तिच्या घरावर टिनाचे कोरे पत्रे चमकत होते. गुरुजींनी चालता चालता ते मोजले. जेवताना ते बायकोला, चंद्रकांताबाईंना, म्हणाले, "शकुनबाईनं नवे टिन टाकले वाटते."

"गेल्या दिवाळीचे आहेत ते. तुमी आता पाहून राहिले?" चंद्रकांताबाईंनी त्यांच्या पानात वरण वाढलं. "काहून विचारता?"

"असंच."

"असंच तुमी कधी विचारत नाही."

बुधवारी गुरुजी टेप घेऊन दुकानात गेले. शंका एकदा मनात शिरली की एका जागी बसत नाही. टेकचंदनेच पेटीला आतून फळी तर मारली नसेल, की नागपूरवाल्याकडून आणि शकुनबाईकडून दोन्हीकडून वसूल करता यावं? त्यांनी पेटी मोजली. अठरा, अठरा, अठरा. डबे फुगलेले असतील? प्रत्येक डबा मोजला. बारा, सहा, तीन. नागपूरच्या व्यापाऱ्यानेच आठ डबे दाबले असतील? पण बोळे तर शकुनबाईने स्वतः कबूल केले होते. टेकचंद गल्ल्यापाशी बसून, पेपर समोर धरून, त्यांच्याकडेच पाहत होता.

"टेप काहून लावता गुरुजी? माझ्या पेटीवर संशय आहे का?"

"नाही नाही. असंच."

परतताना त्यांच्या ध्यानात आलं, की आपण पेटीवर, डब्यावर, टेकचंदवर, नागपूरवाल्यावर आणि त्या बाईच्या टिनांवरही संशय घेतला. एकाच गोष्टीवर घेतला नाही.

गुरुवारी सकाळी त्यांनी धुण्याच्या साबणाच्या दोन मोठ्या लाद्या आणल्या आणि ओसरीत बसून दोऱ्याने कापल्या. चार सेंटिमीटर लांब, दोन रुंद, एक जाड. मोजून सत्तावीस वड्या. जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्याचा सहा सेंटिमीटरचा डबा केला. माप वेगळं, प्रमाण तेच. आणि वड्या भरायला लागले.

"इतक्या साबणात माझे तीन महिन्याचे कपडे निघाले असते," चंद्रकांताबाई म्हणाल्या.

"निघतीन. काम झालं की देतो परत."

"तुकडे तुकडे करून."

दुपारपर्यंत गुरुजींनी नाना तऱ्हेने भरून पाहिलं. कधी चोवीस, कधी पंचवीस, पुष्कळदा सव्वीस. सव्वीस भरले की एका वडीएवढी जागा उरे, पण वडीच्या आकाराची कधीच नाही. कधी कोपऱ्यात चौकोनी खड्डा, कधी इथे थोडी फट, तिथे थोडी. हाताला साबणाचा बुळबुळीतपणा, नाकात साबणाचा वास. टेकचंदचंच खरं वाटायला लागलं. जमत नाही म्हणजे बसत नाही, असं थोडंच आहे? आपल्याला नसेल जमत. आपल्याला आयुष्यात हातांनी जमलं ते काय?

मग त्यांना दरवर्षी स्कॉलरशिपच्या मुलांना घातलेलं एक कोडं आठवलं. बुद्धिबळाच्या पटाचे तिरप्या रेषेत समोरासमोरचे दोन कोपरे कापून टाकायचे, आणि उरलेला पट दोन-दोन घरांच्या पट्ट्यांनी झाकायला सांगायचा. मुलं तासभर धडपडत. जमत नसे, कारण कापलेले दोन्ही कोपरे एकाच रंगाचे असत आणि पट्टी दर वेळी एक काळं, एक पांढरं घर खाते. जागा पुरते, पण रंग पुरत नाही.

गुरुजींनी कागद ओढला. पेटीचे मनातल्या मनात सहा-सहा इंचाचे चौकोनी तुकडे पाडले. तीन आडवे, तीन उभे, तीन थर, मिळून सत्तावीस. बुद्धिबळाच्या पटासारखे एकाआड एक काळे-पांढरे रंगवले. कोपरे काळे धरले. खालच्या थरात पाच काळे, चार पांढरे. मधल्यात चार काळे, पाच पांढरे. वरच्यात पुन्हा पाच काळे, चार पांढरे. काळे चौदा. पांढरे तेरा.

आणि डबा बारा इंच लांब. म्हणजे सहा इंच काळं आणि सहा इंच पांढरं. कसाही ठेवा, कुठेही ठेवा, निम्मा काळ्यात आणि निम्मा पांढऱ्यात. डब्याचं घनफळ एका तुकड्याएवढं, म्हणून एक डबा अर्धा पांढरा तुकडा खातो. पांढरे तुकडे तेराच. तेरा दुणे सव्वीस.

सत्ताविसाव्या डब्याला पांढरं उरतच नव्हतं. जमण्या न जमण्याचा प्रश्नच नव्हता. जगातला कोणीही माणूस तो डबा बसवू शकत नव्हता.

गुरुजींना आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. त्यांनी गणित तीनदा तपासलं, शुक्रवारी दिवसभर पुन्हा तपासलं. लोकांसमोर जाऊन काय सांगायचं? की माझा एकतीस वर्षांचा भागाकार चुकला? भागाकार तर चुकला नव्हता. हेही चुकलं असेल तर? आणि टेकचंद काय म्हणेल, भैय्यालालजी काय म्हणतील?

"किती वेळा तपासता?" संध्याकाळी चंद्रकांताबाईंनी विचारलं.

"चूक नको व्हायला."

"आन् ते पहिलं किती वेळा तपासलं होतं?"

गुरुजींनी पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाले, "एकदाही नाही."

शनिवारी सकाळी ते दुकानात गेले. भैय्यालालजी होतेच, रविवारच्या बैठकीचं बोलणं चाललं होतं. गुरुजींनी उभ्याउभ्याच सांगून टाकलं. "टेकचंद, पेटीत सव्वीसच बसतात. सत्तावीस बसूच शकत नाही."

टेकचंदने त्यांच्याकडे नीट पाहिलं, मग दाराबाहेर पाहिलं, जणू मागून कोणी येतंय का बघावं.

"त्या दिवशी सत्तावीस. आज सव्वीस. उद्या पंचवीस म्हणान."

"त्या दिवशी मी नुसता भागाकार केला."

"शकुनबाई आली होती का तुमच्या घरी?"

"नाही."

"का भाभीले भेटली? बाया बायाईत होऊन जाते बोलणं."

"टेकचंद, कोणी आलं नाही. मी साबण कापून पाहिला."

"साबण," टेकचंद भैय्यालालजींकडे पाहून म्हणाला.

गुरुजींनी कागद पुढे केला. काळे, पांढरे, चौदा, तेरा. बोलताना त्यांचा आवाज खाली खाली जात होता. टेकचंदने कागद उलटा धरला, सुलटा धरला. "हे तुमचं शाळेतलं. मले काय समजते? तुमी म्हणान ते. तवाही तुमी म्हणले तेच धरलं मी."

ते बरोबर होतं, आणि म्हणूनच लागलं. गुरुजी कागद घडी घालून निघायच्या बेतात होते. तेवढ्यात त्यांची नजर रॅकवरच्या चादरींकडे गेली. एक जाड चादर होती, चार बोटं काळा पट्टा, चार बोटं पांढरा, पुन्हा काळा, पुन्हा पांढरा. त्यांनी ती ओढून भैय्यालालजींच्या मांडीवर उलगडली.

"भैय्यालालजी, तुमी माग चालवला. या चादरीचा आठ बोटं लांब तुकडा कापला, तं काळं किती येईल, पांढरं किती?"

"कुठून कापता?"

"कुठूनही."

भैय्यालालजींची बोटं वाताने वाकडी झाली होती. त्यांनी ती काळ्या पट्ट्याच्या मधोमध ठेवली आणि आठ बोटं मोजत गेले. अर्धा काळा, एक पूर्ण पांढरा, पुन्हा अर्धा काळा.

"निम्मं-निम्मं," ते म्हणाले. "कुठूनही काप. एक काळा न् एक पांढरा मिळून जेवढी लांबी, तेवढं घेतलं तं निम्मंच येते. याच्यात काय विचारता?"

"पेटीतही तसेच पट्टे समजा. सहा इंच काळा, सहा इंच पांढरा, तिन्हीकडून. डबा बारा इंचाचा."

म्हातारा कागद मागून घेऊन बराच वेळ पाहत राहिला. चौदा आणि तेरावर त्याने नख टेकवलं. मग त्याने चादर बाजूला सारली.

"टेकचंद, पांढरं सूत सरलं म्हणजे कापड थांबते. काळं कितीही उरू दे. तुह्या बापाले हे कोणाले विचारायची गरज नव्हती पडली."

टेकचंद चादरीची घडी घालू लागला. विणकराच्या घरचं पोर होतं. चादरीवर त्यानेही बोटं ठेवून पाहिली होती, कोणाचं लक्ष नाही असं समजून.

"मंग आठ डबे गेले कुठं?" शेवटी तो म्हणाला.

"कपाटातले मी विकले," गल्ल्यापासून दुर्गाबाई म्हणाली. "तुमसरची लग्नवाली मंडळी आली होती, त्याईनं पुष्कळ नेले."

"किती?"

"सात असतीन. नऊ असतीन. मले कोणी विचारलं का चार दिवसात? सगळे पेटीतच डोकं घालून बसले होते."

टेकचंदने बायकोकडेही क्षणभर तसंच पाहिलं, जसं मंगळवारी शकुनबाईकडे पाहिलं होतं. मग चपला शोधल्या.

शकुनबाई अंगणात चरख्यावर धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरत होती. आंधळगावच्या कोणाचं तरी काम घेतलं होतं तिने. तिघांना येताना पाहून तिचा हात थांबला नाही.

"बाई," टेकचंद म्हणाला, "माझ्याकडून चूक झाली. सोमवारी कामावर ये. उद्या बैठकीत मी सर्वाईसमोर सांगीन. भैय्यालालजी हायेत साक्षीले."

"धोट्यावर हात ठेवून सांगान?"

भैय्यालालजींनी मिशीवरून हात फिरवला. टेकचंद घुटमळला. "ठेवीन," तो म्हणाला.

मग ती गुरुजींकडे वळली. गुरुजींनी कागद खिशातून अर्धा काढला होता.

"चूक मुळात माझी आहे शकुनबाई. सत्तावीस बसतच नाहीत. याचं कारण असं की—"

"मले माहीत आहे. पहिल्याच पेटीत समजलं होतं." तिने सूत तोडलं, नवी कांडी लावली. "तुमाले चार दिवस काहून लागले?"

उत्तरं बरीच होती. साबण होता, तपासणी होती, शुक्रवारचा तो सगळा दिवस होता. गुरुजींनी कागद परत खिशात ठेवला.

"मी तुमच्यावर शंका घेतली," ते म्हणाले. "टेकचंदवर घेतली, नागपूरवाल्यावर घेतली. भागाकारावर घ्यायचं सुचलं नाही. आन् सुचल्यावरही एक दिवस घरात बसून राहिलो. यायची लाज वाटत होती."

चरखा दोन-चार वेळा फिरला.

"समजा गणितानं सत्तावीसच बसले असते," ती म्हणाली, "मले नसते बसवता आले, एवढंच असतं. तरी मी चोर असती का गुरुजी?"

टेकचंद जमिनीकडे पाहत होता. गुरुजींना या प्रश्नाचं उत्तर येत होतं, पण ते कागदावर नव्हतं.

"नाही," ते म्हणाले. "नसत्या."

"मंगळवारी असं म्हणाले असते तं झालं असतं."

ती उठली, भरलेल्या कांड्या टोपलीत टाकल्या. टेकचंदला म्हणाली, "सोमवारी नाही येत. हे काम हातात घेतलं, ते बुधवारपर्यंत पुरं होते. गुरुवारी येईन. आन् ते उद्याचं आधी होऊ द्या. ऐकाले मी येईन, मांगं बसीन."